औलसच्या नावाचं झाड

आल्फियाबाईंनी पॉप्लर तोडायला सांगितला तेव्हा थॅलस माळी मोठ्या दाराला लावलेल्या सायप्रसच्या फांद्या बदलत होता. घरातलं माणूस गेलं की दाराला सायप्रस लावायचा आणि सुकला की नवा आणायचा. बाईंचा एकुलता एक मुलगा औलस डॅन्यूबकाठच्या छावणीत तापाने गेला होता. त्याच्या एका सोबत्याने राखेचं भांडं घरी आणून पोचवलं, त्याला अजून आठवडाही झाला नव्हता.

"ते झाड आडवं करून टाक," बाई म्हणाल्या. त्यांचे केस मोकळे होते, अंगावर गडद वस्त्र होतं आणि आवाज मात्र रोज भाजीपाल्याची चौकशी करताना असायचा तसाच होता. "परवा थडग्यावर जेवण आहे. पाहुणे यायच्या आत ते बागेत दिसता कामा नये."

"कुठलं झाड, बाईसाहेब?"

"वेड पांघरू नकोस. औलसचं."

हातातली फांदी थॅलसने उगाच उलटसुलट करून पाहिली. "चंद्र वाढतोय सध्या," तो म्हणाला. "वाढत्या चंद्राला तोडलेलं लाकूड किडतं. थोडे दिवस थांबलो तर..."

"मला त्याच्या तुळया करायच्या नाहीयेत, थॅलस. माझं पोर राख होऊन आलं, आणि ते बघ, कसं पानापानाने डोलतंय. खोटारडं झाड आहे ते. मी त्याला दूध घातलं, हार घातले, आणि त्याने मला फसवलं. तोड त्याला."

एवढं बोलून त्या आत गेल्या. थॅलस शिडीवर तसाच उभा राहिला. या माणसाची एक खोड होती. खरं बोलायची वेळ आली की त्याला नेहमी एखादं झुडूप कातरायचं राहिलेलं आठवायचं. आताही तो शिडीवरून उतरला, कात्री घेतली आणि थेट तलावाकडच्या कुंपणापाशी गेला. तिथे मालकांच्या घराण्याचं नाव झुडपं कातरून अक्षराअक्षराने काढलेलं होतं. त्यातलं एकही पान वाढलेलं नव्हतं. तरी तो कात्री चालवत राहिला आणि एका अक्षराचा कान उडवून बसला.

समोर पॉप्लर उभा होता. माशांच्या तलावापलीकडे, बागेच्या बरोबर मध्यावर, जेवणाच्या दालनातून नीट दिसेल असा. वारा आला की पानांची पांढरी बाजू वर व्हायची आणि सगळं झाड एकदम उजळायचं. खालच्या फांद्यांना लोकरीचे लाल दोरे बांधलेले होते, सरोवराकाठच्या पाचपंचवीस वाड्यांवरच्या पोटुशी बायकांनी बांधलेले. एवढं जोमाने वाढलेलं जन्मझाड त्या सरोवराकाठी दुसरं नव्हतं, म्हणून बायका सुखरूप सुटका मागायला इथे यायच्या.

त्या मुलखात मूल जन्मलं की पॉप्लरची फांदी जमिनीत खोचतात. फांदी जगली तर मूल जगणार, झाड फोफावलं तर मुलाचं भाग्य फोफावणार, आणि झाडाला काही झालं तर देवाचं नाव घ्यायचं. पॉप्लरची फांदी ओल्या जमिनीत कशीही खोचली तरी बहुधा जगतेच, त्यामुळे ही पद्धत आईबापांना मोठी सोयीची होती. थॅलससारखा कसलेला माळी हाताशी असताना तर फांदी मरायचं काही कारणच नव्हतं.

पण ती मेली होती. औलसची फांदी पहिल्याच हिवाळ्यात मेली होती, आणि हे जगात एकट्या थॅलसला माहीत होतं.

औलस जन्मला तो द्राक्षं तुडवून झाल्यानंतरचा महिना होता. थोरले मालक, औलसचे वडील, तेव्हा हयात होते. ते स्वतः नदीवर गेले, जुन्या पॉप्लरची बोटाएवढी जाड फांदी कापून आणली आणि बागेच्या मध्यावर स्वतःच्या हाताने लावली. पुढची निगा थॅलसची. त्याच महिन्यात थॅलसच्या बायकोला, ख्रेस्तेला, मुलगी झाली. अँपेलिस तिचं नाव. गुलामाच्या पोरीला फांदी लावायला कुणाची ना नव्हती, फक्त चांगली जागा मागायची नाही. थॅलसने आपली फांदी भटारखान्याच्या मागे लावली. भट्टीची ऊब भिंतीतून यायची, राखेचं पाणी मिळायचं, आणि ती फांदी बघता बघता अशी तरारली की ख्रेस्ते बाळाला कडेवर घेऊन रोज तिच्याशी गप्पा मारायला जायची.

हिवाळ्यात सॅटर्न देवाचा सण आला. या सणात गुलाम लोडाला टेकून जेवतात, मालक वाढतात, आणि फासे ज्याला कौल देतील तो सणापुरता घरचा राजा. त्या वर्षी राजा झाला थॅलस. त्याने स्वयंपाक्याला नाचवलं, कारभाऱ्याचं डोकं गार पाण्याच्या पिंपात बुडवायला लावलं, आणि मध घातलेली दारू गळ्यापर्यंत ढोसली. थोरल्या मालकांनी सकाळीच बजावलं होतं, हवा फिरली आहे, फांदीभोवती पेंढा गुंडाळून टाक. थॅलसला ते दिवसभर आठवत होतं. पण राजा झालेला माणूस पेंढा गुंडाळत बसतो का? उद्या करू म्हणाला. त्या रात्री तलावाचं पाणी गोठलं.

दुसऱ्या दिवशी तो बागेत गेला तेव्हा मालकांच्या फांदीची साल काळी पडून नखाने सुटत होती. कोंब बोटात धरला तर भुगा झाला. थॅलसची पाचावर धारण बसली. फटक्यांची भीती तर होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मालकांच्या वारसाचं नशीब आपल्या हातून गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? सगळं घर नशेत घोरत होतं. तो भटारखान्याच्या मागे गेला, अँपेलिसची फांदी मुळाशी मातीचा गोळा तसाच राखून उपसली आणि बागेच्या मध्यावर आणून लावली. वर पेंढा गुंडाळला, तोही व्यवस्थित, दुहेरी. मेलेली फांदी त्याने भट्टीत घातली.

ख्रेस्तेने भिंतीजवळचा रिकामा खड्डा पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गेली का आपली?"

"थंडीने गेली."

"आणि त्यांची?"

"त्यांची वाचली."

ती बाळाला छातीशी धरून बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिली. थॅलस म्हणाला, दुसरी लावू. ती म्हणाली, दुसरी फांदी ती फांदीच, जन्माची ती नव्हे. आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर थॅलसच्या जिवाला जो घोर लागला तो कायमचा. झाड वाढलं, औलसही वाढला. घोड्यावरून पडला तरी हसत उठायचा, थंडीत पोहायचा. अँपेलिस मात्र काडीसारखी, सदा खोकणारी. तेव्हा थॅलसला वाटायचं, आपण पोरीचं भाग्य उपटून मालकाच्या अंगणात लावलं, आता झाड ज्याच्या नावाचं त्याचंच. पण पोर प्रत्येक आजारातून कशीबशी का होईना उठायची, आणि मग त्याला उलटं वाटायचं, की झाड अजून तिचंच आहे, मुळं काही विसरत नाहीत. या दोन विचारांमध्ये त्याने उभा जन्म हेलकावे खाल्ले. त्या झाडाची त्याने जेवढी सेवा केली तेवढी कुणी देवाची केली नसेल. पण कुणासाठी करतोय ते त्याला धड सांगता आलं नसतं.

आणि मग राखेचं भांडं आलं. बायकांनी आकांत केला, बाई दारातच खाली बसल्या, आणि थॅलस, जो त्या मुलाला खांद्यावर घेऊन अंजिरं तोडायला न्यायचा, त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की औलस गेला आणि झाड हिरवंगार उभं आहे. म्हणजे ते आपल्या पोरीचंच राहिलं. त्याला बरं वाटलं. अंगावरचं ओझं उतरावं तसं हलकं वाटलं. रडणाऱ्या बाईंच्या समोर उभं राहून त्याला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्याला इतकी किळस आली की तो मागच्या मागे निघून गेला आणि लसणाच्या वाफ्यात बसून ढसाढसा रडला. लोक म्हणाले, माळ्याचा काय जीव होता मालकांच्या पोरावर.

आता तेच झाड तोडायचं होतं, त्याच्याच हाताने, आणि अँपेलिसचे दिवस भरले होते. तिचा नवरा खेचरं हाकणारा, तो व्हेरोनाकडे गेला होता. दाई येऊन पाहून गेली होती, आज नाहीतर उद्या म्हणाली होती. तिचं आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं.

"काय माळीबुवा, अक्षरं पुसताय का मालकांची?" कारभारी विटालियो मागे येऊन उभा होता. पिंपात डोकं बुडवलेलं तो अजून विसरला नव्हता. "कुऱ्हाडीला धार लावलीत?"

"लावतो, कारभारी. दांडा सैल झालाय."

"दांडा सैल झालाय की माणूस? दोघं गडी देऊ का सोबत?"

"नको, एकटा पुरे आहे मी."

"दुपारपर्यंत आवाज आला नाही तर मीच येतो दोघांना घेऊन. बाईंचा हुकूम आहे, माझा नाही." विटालियो दोन पावलं गेला आणि परत वळला. "वाईट वाटतंय ते कळतं हो. तुमच्याच हातचं झाड ते. पण मुलगा गेला तिथे झाडाचं काय घेऊन बसलात?"

थॅलसने मान हलवली. विटालियो गेल्यावर त्याने कात्री कुंपणावर टाकली आणि भाजीच्या मळ्याकडे चालू लागला. सांगितलं तर बाई काय करतील? ज्याच्यामुळे आपल्या पोराला जन्माचं झाडच उरलं नाही तो हा, हे कळल्यावर त्या मुद्दाम तोडतील, मुळासकट, आणि अँपेलिसला बाहेर आणून तिच्यासमोर तोडतील. त्यांच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं. न सांगितलं तर कुऱ्हाड आपल्याच हातात. दोन्हीकडून पोरच जात होती.

ख्रेस्ते लीकचे कांदे उपटून त्यांची माती झटकत होती. नवऱ्याचं तोंड पाहून ती म्हणाली, "अँपेलिसचं काही?"

"नाही. झोपली आहे ती." तो वाफ्याच्या कडेला बसला. "झाड तोडायला सांगितलंय बाईंनी."

"ऐकलं मी. तोडा की. एवढं तोंड पाडायला काय झालं? जळणाला होईल."

"ते आपलं आहे, ख्रेस्ते."

"काय आपलं आहे?"

मग त्याने सांगितलं. सणाचा राजा, पेंढा, काळी पडलेली साल, मातीचा गोळा, सगळं. बोलताना तो सारखा जमिनीतली गवताची पाती उपटत होता. बोलून झाल्यावर त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं होतं ती किंचाळेल, अंगावर धावून येईल. पण तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता. हातातले कांदे तिने हळूच खाली ठेवले.

"मी त्याच्या मुळाशी घाण्याचं काळं पाणी ओतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"जैतुनाच्या घाण्याचं. जळजळीत, हंडाभर. औलसला मोठ्या माणसांची वस्त्रं चढवली तेव्हा मेजवानी होती, आठवतं? सगळे झाडाभोवती नाचत होते. आपली पोटुशी पोर आत तापाने फणफणली होती आणि वैद्य अंगणात मध खात बसला होता. मला सहन होईना. मी म्हटलं, यांचंच का सगळं जगायचं? दुसऱ्या दिवशी नेऊन ओतलं. वाळून जा, म्हणाले त्याला. रोज म्हणायचे. येता जाता."

थॅलसला तो उन्हाळा चांगला आठवत होता. भर मोसमात झाडाने पानं टाकली होती. त्याला वाटलं होतं मुळाला अळी लागली. त्याने आळं खणून माती बदलली होती, नदीचं पाणी आणून सोडलं होतं, आणि झाड कसंबसं सावरलं होतं. त्याच महिन्यात अँपेलिसचं मूल पोटात गेलं होतं. दोघांनाही ते एकदमच आठवलं, आणि दोघांपैकी कुणी ते बोललं नाही.

"मला सांगितलं असतंत," ख्रेस्ते म्हणाली. "एकदा नुसतं सांगितलं असतंत, तर मी त्या झाडाच्या पाया पडले असते. माझ्याच पोरीच्या मुळावर मी विष ओतलं. तू ओतायला लावलंस मला."

"ख्रेस्ते..."

"हात लावू नकोस. ऊठ. जा बाईंकडे आणि सांग. तू नाही गेलास तर मी जाते. आणि मी गेले तर तुझी कुठलीच गोष्ट झाकणार नाही, दारू पिऊन राजा झाला होतास तेही सांगेन."

"त्या मुद्दाम तोडतील, अगं."

"तोडतील तर तोडतील. पण आपल्या हाताने नाही. माझ्या हाताने एकदा झालंय, आता तुझ्या नको." तिने कांदे पुन्हा उचलले, पण कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. ती ते तसेच पोटाशी धरून बसून राहिली.

आल्फियाबाई जेवणाच्या दालनाबाहेरच्या ओवरीत बसल्या होत्या. इथून पॉप्लर समोर दिसायचा. त्यांनी खुर्ची मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून ठेवली होती, तुटताना बघायला. थॅलसला रिकाम्या हाताने येताना पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कुऱ्हाड कुठे आहे?"

"बाईसाहेब, ते झाड औलसचं नाही."

एवढं एक वाक्य बोलायला त्याने जन्म घालवला होता, आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं की ते अगदी लहान वाक्य होतं. पुढचं भराभर बाहेर पडलं. त्याने स्वतःला काही सूट दिली नाही. फाशांचा कौल, मध घातलेली दारू, उद्या करू म्हणून टाळलेला पेंढा, आणि सगळं घर झोपलेलं असताना केलेली अदलाबदल. अँपेलिसचे दिवस भरलेत हेही सांगितलं. गुडघे टेकले आणि फरशीकडे बघत राहिला. चाबूक, बेड्या, खाणीत विक्री, जे काय व्हायचं ते होईल म्हणून तो तयार होता.

तलावात मासा उसळल्याचा आवाज आला.

"त्याची फांदी कुठे टाकलीस?"

"भट्टीत, बाईसाहेब."

"म्हणजे तो दोन महिन्यांचा असताना त्याचं झाड जळालं." त्या स्वतःशीच हिशेब लावल्यासारख्या बोलत होत्या. "आणि तरी तो वाढला. घोड्यावर बसला, पोहला, मला उलट उत्तरं दिली. मग कशाच्या आधारावर वाढला तो, थॅलस?"

"मला नाही माहीत, बाईसाहेब."

"तुला नाही माहीत." त्यांनी मान हलवली. "तो सैन्यात जातो म्हणाला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. अन्न सोडलं होतं मी. त्याने चार दिवस माझी मनधरणी केली, मी ऐकलं नाही. मग एका सकाळी मी बागेत आले. तू तिथे कात्री घेऊन उभा होतास. मी तुला विचारलं, थॅलस, झाड कसं आहे? आठवतं?"

थॅलसला आठवत नव्हतं. बाई झाडाबद्दल नेहमीच विचारायच्या. कुठली सकाळ ती, कुठली कात्री, त्याला खरंच आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. त्या दिवशी बाईंचे डोळे सुजलेले होते आणि त्या चपला न घालताच आल्या होत्या.

"तू म्हणालास, ठणठणीत आहे बाईसाहेब, असं झाड शोधून सापडायचं नाही. मी सगळीकडून फिरून पाहिलं. एक पान पिवळं नव्हतं. मी आत गेले आणि त्याला म्हटलं, जा."

इतकी वर्षं थॅलस आपल्या पोरीशी केलेल्या अपराधाखाली वाकून चालत होता. हा दुसरा अपराध त्याच्या कधी ध्यानीमनीही आला नव्हता. त्या सकाळी तो खोटं बोलला नव्हता, झाड ठणठणीतच होतं. तेव्हा एक शब्द वेगळा निघाला असता तर मुलगा घरी राहिला असता. आणि तो शब्द त्याच्याचकडे होता, दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

"बाईसाहेब, मला मारा," तो म्हणाला. "काय करायचं ते मला करा. पण..."

"पण झाड तोडू नका. कळलं मला." त्या उठल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच कंप आला. "तुझी पोर मरून माझं पोर परत येणार असतं, तर मी आत्ता स्वतः कुऱ्हाड घेतली असती. हे नीट लक्षात ठेव. मी काही दयाळू वगैरे नाही. पण ते झाड खोटं बोललं नाही. ते तुझ्या मुलीचं सांगत होतं, मी माझ्या मुलाचं ऐकत होते. तोडण्यासारखं माझं इथे काही उरलेलंच नाही. ते तू कधीच जाळून टाकलंस."

विटालियो दोन गडी घेऊन बागेत शिरताना दिसला. बाईंनी हाताने खूण करून त्याला परत पाठवलं. तो काही न कळून क्षणभर थांबला आणि गड्यांना घेऊन निघून गेला.

"मारू नका म्हणून सांगते विटालियोला," बाई म्हणाल्या. "विकायचंही नाही तुला. बाग तूच बघायची. फक्त एक काम वाढवते. उद्यापासून रोज सकाळी इथे यायचं आणि मला सांगायचं, झाड कसं आहे ते."

थॅलसने वर पाहिलं. त्याला नीट समजलं नव्हतं.

"मी जिवंत असेपर्यंत," बाई म्हणाल्या. "जा आता. लेकीजवळ जा."

अँपेलिस त्याच संध्याकाळी मोकळी झाली. मुलगी झाली, सावळी, केसाळ, आणि जन्मताच असं बोंबलणारी की दाईसुद्धा हसली. अँपेलिस थकली होती पण ताप नव्हता. तिने वाटीभर मसुराचं सार प्यायलं आणि आणखी मागितलं. ख्रेस्तेने नातीला धुवून गुंडाळून तिच्या कुशीत दिलं. नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तो दाराशी उभा होता, त्याला ओलांडून ती दोनदा पाणी आणायला गेली आणि आली. अँपेलिसने विचारलं, आईला काय झालंय? थॅलस म्हणाला, दमली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हातपाय धुतले, स्वच्छ कपडे घातले आणि बागेतून ओवरीकडे गेला. जाताना पॉप्लरपाशी थांबला. पानांवर दव होतं, बुंधा भक्कम, शेंड्याला नवे कोवळे फुटवे आले होते. कुणीतरी पहाटेच येऊन नवा लाल दोरा बांधून गेलं होतं. झाड इतकं छान त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तसं नसतं तर बरं, असं वाटून त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बाई उभ्याच होत्या. केस अजून मोकळे होते. रात्री त्या झोपल्या नसाव्यात.

"झाड कसं आहे, थॅलस?"

"बरं आहे, बाईसाहेब."

"बरं म्हणजे? तू माळी आहेस. नीट सांग."

त्याने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. चाबकाने सोलून काढलं असतं तर ते सोपं गेलं असतं, हे त्याला आता कळलं, आणि बाईंना ते कालच कळलं होतं. मागे नोकरांच्या खोल्यांकडून नवजात पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. बाईंनाही तो ऐकू येत होता.

"ठणठणीत आहे, बाईसाहेब," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले, आणि त्या आत निघून गेल्या. थॅलस थोडा वेळ तिथेच थांबला. मग लसणाला पाणी द्यायचं होतं, म्हणून गेला.